विनलंडच्या सफरी समजून घेण्यासाठी आधी काय वाचावे?

उत्तरवारा:
लेफ एरिक्सन कोलंबसाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी उत्तर अमेरिकेत पोहोचला आणि तिथल्या एका भागाला विनलंड म्हणत, यापलीकडे मला फारशी माहिती नाही. ग्रीनलँडकरांची सागा (जुनी आइसलँडिक गद्यकथा) अनुवादातून वाचायला घेतली, परंतु नातीगोती आणि स्थळनामे यांतच अडकलो. पुन्हा वाचण्यापूर्वी कोणती पार्श्वभूमी करून घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सुचवावे.

जुनीपाने:
लुटारू व्हायकिंगांच्या कथा तूर्त बाजूला ठेवाव्यात आणि आइसलँड-ग्रीनलँडच्या वसाहतींपासून सुरुवात करावी, कारण विनलंड हे त्याच साखळीचे शेवटचे टोक आहे. आइसलँडमध्ये नवव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती सुरू झाली. तेथून मनुष्यवधाबद्दल तीन वर्षांसाठी हद्दपार झालेल्या एरिक द रेडने, म्हणजे लेफच्या वडिलांनी, ग्रीनलँडचा किनारा धुंडाळला. पुढे ९८५ च्या सुमारास वसाहतीसाठी निघालेल्या २५ जहाजांपैकी १४ च पोहोचली, असे सागा सांगते. तिथे गुरांना चारा होता, पण जहाजे बांधण्याजोगे लाकूड नव्हते. ही एक अडचण ध्यानात ठेवली, की पश्चिमेकडच्या, उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वनाच्छादित मार्कलंडचे मोल आपोआप कळते. मार्कलंडला जाऊन आलेले ग्रीनलँडचे एक जहाज अगदी १३४७ साली आइसलँडला लागल्याची नोंद आहे.

शीडवाला:
जहाजांकडेही पाहावे. चित्रांतल्या लांबट युद्धनौका या सफरींच्या कामाच्या नव्हत्या. माणसे, गुरे आणि सामान वाहून नेणारी रुंद, खोल मालवाहू नौका वेगळी. डेन्मार्कमधील रोस्किल्ड येथे १९६२ साली फियॉर्डच्या तळातून काढलेली तशी एक नौका सुमारे १६ मीटर लांबीची आहे.

जुनीपाने:
सहमत. त्यानंतर कॅनडातील न्यूफाउंडलंडमधील लान्स ओ मेडोज येथील उत्खननाविषयी अवश्य वाचावे. हेल्गे आणि आन स्टीन इंगस्टाड या दांपत्याने १९६० च्या दशकात तिथे नॉर्स (व्हायकिंग काळातील स्कँडिनेव्हियन) लोकांच्या घरांचे अवशेष उजेडात आणले आणि धातूच्या हत्याराने तोडलेले तिथले लाकूड १०२१ सालचे असल्याचे २०२१ मध्ये सिद्ध झाले. तिथे बटरनट नावाच्या अक्रोडाची फळेही सापडली. ते झाड इतक्या उत्तरेला उगवत नाही, म्हणजे ही मंडळी आणखी दक्षिणेला जाऊन आली होती.

सागा मात्र घटनांनंतर दोनेक शतकांनी लिहिल्या गेल्या आणि त्यांचे आपसांत जमत नाही: ग्रीनलँडकरांच्या सागेत ती भूमी प्रथम ब्यार्नी नावाचा नाविक पाहतो, तर एरिकच्या सागेत वाट चुकलेला लेफ. त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवूनच वाचाव्यात. येल विद्यापीठातला प्रसिद्ध ‘विनलंड नकाशा’ मात्र खुशाल वगळावा. तो मध्ययुगीन म्हणून गाजला, पण त्याच्या शाईत विसाव्या शतकातले टायटॅनियमचे संयुग निघाले आहे, म्हणजे तो बनावट आहे.