मदत हवी आहे: २०११ ची डिझेल पासिंग करून ठेवू की बीएस६ (नव्या धूर-नियमाची) गाडी घेऊ?

राम राम राजेहो. घरची नऊ सीटर डिझेल गाडी २०११ ची आहे, २०२६ मध्ये आरसीचे १५ वर्षं भरते. घरात आम्ही आठ जण, बाबाले दर महिन्याले चेकअपसाठी नागपूरले न्यावं लागते, बाकी गाव ते वावर, वावर ते आर्वी अशा चार-पाच किलोमीटरच्या चकरा, कापूस वेचाच्या दिवसांत त त्याच दिवसाच्या चार होते. टाकी फुल करून मोजलं, मायलेज १२ च्या वर जात नाही. लहान भाऊ म्हणते हे काढ आन् बीएस६ डिझेल घे, पण चुलतभावाच्या बीएस६ चा डीपीएफचा लाइट सारखा लागते, दोनदा वर्कशॉपमध्ये नेली, काहून लागते ते कोणी नीट सांगतच नाही. शोरूमवाला मायलेज १७ चा आकडा सांगून रायला, तो धरायचा का? गावात म्हणते १० वर्षांवरच्या डिझेल बंद होतीन, दर किलोमीटरले ११३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडच्या नियमानं मोठ्या गाड्याच जातीन. कापसाचा पैसा आहे, चुकला त बाबाचं नागपूर अडकते.

प्रतिसाद:
भाऊ, १० वर्षांचा नियम दिल्ली-एनसीआरचा आहे, आपल्याकडं नाही. इथं १५ वर्षांनंतर आरटीओत गाडी दाखवून पासिंग झालं की आरसी ५ वर्षं वाढते, कारची फी एप्रिल २०२२ पासून ५००० आहे, पर्यावरण कर वेगळा. संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज घेते, तवाच करून टाका. ११३ ग्रॅम हे कंपनीनं विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीले लागू आहे, तुमच्या एकट्या गाडीले नाही.
शोरूमचा आकडा लॅबमधल्या रोलरवरच्या टेस्टचा असते, एसी बंद आन् स्पीड ९० च्या आत, वावराच्या रस्त्यावर तेवढा मिळत नाही.
आता डीपीएफ. ते धुरातली काजळी अडवणारं फिल्टर आहे, भरलं की गाडी जास्तीचं डिझेल टाकून काजळी जाळते, त्यासाठी सायलेन्सर चांगला तापावा लागते. चार किलोमीटरमध्ये ते होतच नाही, मधातच इंजिन बंद केलं की काजळी तशीच रायते आन् डिझेल वाया जाते ते वेगळं. चुलतभावाले सांगा, लाइट लागला की मोठ्या रोडवर वीसेक मिनिटं एकसारखी चालव, मधात बंद करू नको.
तुमच्या चकरा पाहता मी त चेसिस गंजली नसन त जुनीच पासिंग करून ठेवली असती. महिन्याची रनिंग किती आन् त्यात नागपूरचे किलोमीटर किती ते लिहा, पेट्रोल गाडीचा हिशोबही मांडून देतो.