खोदकामाचा अनुभव नाही, उन्हाळ्यात गावी काय सराव करू?

पांझराकाठ: मी धुळ्याची, बीए इतिहास शेवटचं वर्ष, पुढे पुरातत्त्वात एमए करायचंय. ट्रेंच (खोदायचा चर), स्तर (मातीचे थर), सेक्शन (चराची उभी कापलेली बाजू) सगळं वाचलंय पण हातात खुरपी घेऊन कधी बसले नाही, आमचं फील्डवर्क म्हणजे एक दिवसाची लेण्यांची सहल. सुट्टीत मामाच्या गावी आहे, तापी जवळच, पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर खापरं दिसतात. थोडं खणून बघू का?

खापरवेडा: ताई, खणू नकोस! उत्खननाला परवाना लागतो हे तर आहेच, पण एकदा उपसलेला थर परत लावता येत नाही गं. आणि आपली काळी जमीन फसवते, उन्हाळ्यात हातहात भेगा पडतात, वरचं खापर खाली जातं, मग नवख्याला जुनं-नवं कळतच नाही. माझे खोदकामावरचे पहिले पंधरा दिवस नुसते खापरं धुण्यात, वाळवण्यात आणि त्यांच्यावर नंबर टाकण्यात गेले, तेव्हा जीव कंटाळला होता, पण डोळा तिथेच तयार झाला. तू टेकाडावर चाल, खापर आहे तिथेच ठेव, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढ, काठ आणि बूड कसं आहे ते वहीत काढ. तापीकाठच्या सावळदा गावावरून तर ताम्रपाषाण काळातल्या (तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरायचे तेव्हाच्या) भांड्यांच्या एका प्रकाराला नाव मिळालंय, आणि प्रकाशा गावी १९५५ मध्ये खोदकाम झालं, त्याचा अहवाल मिळव आणि त्यातली चित्रं समोर ठेवून बस.

पाड्यावरची: मी मानववंशशास्त्राची. सातपुड्यात पावरा आदिवासींच्या पाड्यावर पहिल्यांदा चाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन गेले, सगळे नुसतं हो हो म्हणाले, काहीच हाती लागलं नाही. मग फॉर्म पिशवीत टाकला, आजीबाईंसोबत शेंगा फोडत बसले, तेव्हा कुठे बोलणं सुरू झालं. तू गावातल्या कुंभारदादांकडे जा, माती कुठली, त्यात काय मिसळतात, भट्टी किती वेळ, फुटलेली मडकी कुठे टाकतात, सगळं बघ. वहीत लिहायच्या आधी त्यांना विचार. आणि अहिराणीतच बोल.

गिरणाथडी: मी शेतकरी, चाळीसगाव तालुका. आमच्याकडे बहाळला पूर्वी खोदकाम झालंय. शेतात कोणी न विचारता वाकून काही शोधायला लागलं की पहिला संशय गुप्तधनाचा येतो, मग पोरगी असो की प्रोफेसर. आधी मालकाला भेट, मामाला सोबत ने.

पांझराकाठ: खणत नाही, शब्द देते. उद्या मामासोबत टेकाडाच्या मालकांकडे जाते. कुंभारदादा म्हणाले भट्टी सोमवारी लावणार, पहाटे चारला ये.

खापरवेडा: जा. आणि वहीत वेळ लिहित जा, दर तासाला.