पाट्यावरचा निळा रंग

काल वेलची कुटताना एकदम 'गर्ल विथ अ पर्ल इअरिंग' हा सिनेमा आठवला. २००३चा. आमच्या चित्रकलेच्या वर्गात मॅडमनी लॅपटॉपवर दाखवला होता, वीसजणी एका स्क्रीनला चिकटून. डच चित्रकार व्हर्मीरच्या त्याच नावाच्या चित्रावरून गोष्ट रचलेली आहे, चित्रातली खरी मुलगी कोण ते कुणालाच ठाऊक नाही. पण त्यात व्हर्मीर मोलकरीण ग्रीटला खिडकीतून ढग दाखवून रंग विचारतो. ती म्हणते, पांढरे. मग थांबते आणि पिवळा, निळा, करडा सांगायला लागते. तास सुटल्यावर आम्ही सगळ्या अंगणात माना वर करून उभ्या. शिपाईकाका पण येऊन वर बघायला लागले! तोवर आभाळ म्हणजे निळी बाटली उघडायची, एवढंच माहीत.
तुम्हाला काय लक्षात राहिलं? चित्रं काढत नसलात तरी लिहा.

खडूवाला
ती रंग घोटते ते. मी हौसेने लाजवर्दचा, म्हणजे त्या निळ्या दगडाचा, खडा आणून खलात कुटला. राखाडी पूड निघाली! नंतर कळलं की ती मेण-राळेच्या गोळ्यात मळून क्षाराच्या पाण्यात पिळत बसायचं, तेव्हा निळा सुटतो. जवसाचं तेल त्यानंतर. खल बायकोचा होता.

कैरीपन्हं
नवा आणून दिलात का?

खडूवाला
दोन आणले.

माडीवरची
ती अंधारी पेटी, भोकातून आत बाहेरचं चित्र पाडणारी!! आमच्या वाड्यात दुपारी सक्तीने झोपवायचे. दाराला गाठ निखळून भोक पडलेलं, त्यातून समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा दिसायचा. सायकलवाला डोक्यावर चाललेला. आजीला सांगितलं तर म्हणाली, झोप मुकाट. सिनेमात ग्रीट पेटीत डोकावून दचकते ना, मी घरात ओरडले, "हे मी बघितलंय!" व्हर्मीरकडे खरंच तशी पेटी होती असा कागद काही सापडलेला नाही म्हणे. असो.

सुईदोरा
मला फक्त कान टोचणं आठवतंय. बघवलं नाही. माझा डावा पिकला होता, महिनाभर हळद-तेल.

पाणकळा
द हेगला तीन वर्षं होतो. पाहुणे आले की मॉरिट्सहाउस ठरलेलं, हे चित्र आहे ते संग्रहालय. सासूबाई म्हणाल्या, "एवढंसंच?" ४४.५ बाय ३९ सेंमी फक्त. मग जवळ जाऊन म्हणतात, "अगं, डुलाला आकडा कुठंय?" खरंच नाही! पांढऱ्याचे दोन फटकारे नि आपण मोती बघतो. मागच्या काळ्यात हिरवा पडदा होता आणि तिला पापण्याही होत्या, हे आता तपासणीत निघालंय. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, आकड्याचं काय झालं?

कैरीपन्हं
😂 सासूबाईंना आयडी काढून द्या

उंबरठा
१८८१ला लिलावात २ गिल्डरला (तिथलं जुनं नाणं) गेलेलं ते चित्र. आमच्या आजोबांनी पुण्यातला प्लॉट असाच सोडला.

सुईदोरा
प्लॉटचं नका काढू हो, जखमा ताज्या आहेत.

माडाखाली
थोडं विषयांतर. व्हर्मीर तिकडे हॉलंडात डेल्फ्टमध्ये रंगवत होता तेव्हा डच आमच्या वेंगुर्ल्यात वखार चालवत होते. आता भिंती आणि झाडोरा. लहानपणी आत लपाछपी खेळायचो, विंचू निघाला तेव्हापासून बंद.

पाणकळा
वेंगुर्ल्याचे? माझं आजोळ तिथलं. कुठे राहता?

माडाखाली
कॅम्पात. व्यनि (खासगी निरोप) करतो, इथे नको.

खडूवाला
विंचवाचं लिहा की आधी.