मदत हवी आहे: हेग्राच्या थडग्यांवरचे शाप, दंड आणि स्ट्राबोचा उकिरडा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात सौदीतल्या अल-उलाजवळचं हेग्रा (मदाइन सालेह) बघून आलो आणि उत्साहाच्या भरात आमच्या मंडळात अर्धा तास बोलायचं कबूल करून बसलो. आता तयारी करताना अडलोय.

नबाती लोकांनी (दोन हजार वर्षांपूर्वीचे अरबी व्यापारी) वालुकाश्मात कोरलेली शंभरावर थडगी तिथे आहेत. बाहेरून डोळे दिपवणारी. आत मात्र साधी खोली आणि भिंतीत प्रेतं ठेवायला कोनाडे, बस्स. एकटंच उभं असलेलं कस्र अल-फरीद हे थडगं अर्धवट राहिलंय. माथा घोटीव, पायथ्याशी नुसते छिन्नीचे घाव, म्हणजे काम वरून खाली आलं. आपल्या वेरूळच्या कैलासासारखंच.

पण मी खिळलो ते दारावरच्या लेखांपाशी. एकाचा अर्थ वाचला तर चक्क मालकीहक्काचा दस्त! वाइलतची मुलगी कमकम आणि तिची मुलगी कुलैबत यांनी हे थडगं स्वतःसाठी आणि वंशजांसाठी केलं, नबाती राजा हारितत याचं ९वं वर्ष (इ.स.पू. १). मालकिणी बायका, हे विशेष. पुढे, जो हे विकेल, विकत घेईल, गहाण टाकेल, भाड्याने देईल किंवा इथे परक्याला पुरेल त्याला दुशरा, अल्लात आणि मनात या देवतांचा शाप. वर १००० सेला (चांदीची नाणी) दंड. मात्र कमकमच्या किंवा कुलैबतच्या हातचा कागद दाखवला तर सूट! शेवटी पाथरवटाचं नाव, वहबल्लाही. दुसऱ्या एका लेखात तर नक्कल देवळात ठेवल्याची नोंद आहे.

मला लगेच शिलाहारांचे गधेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेले दगड) आठवले. पण माझ्या पाहण्यातल्या गधेगाळांवर सगळी भिस्त शिवीवर आणि चंद्रसूर्यांवर. इथे शापाला रोख रकमेची जोड. असा दंड खरोखर वसूल झाल्याचा काही पुरावा आहे का, की तीही धमकीच? हा माझा मुख्य प्रश्न.

दुसरं, नबात्यांची राजधानी पेट्रा (आजच्या जॉर्डनमध्ये), तिथे शेकडो थडगी असून लेख जवळपास नाहीतच. तिथल्या तुर्कमानिया थडग्यावर मोठा लेख आहे, त्यात अंगण, बाग, विहिरी, मेजवानीची दालनं सगळं येतं, पण मालकाचं नावच नाही. असं का? नावं कागदोपत्री राहत असतील का?

आणि स्ट्राबो, प्राचीन ग्रीक भूगोलकार. तो लिहितो की नबाती लोक प्रेताला शेणाइतकीच किंमत देतात, राजालाही उकिरड्याशेजारी पुरतात. हे लेख वाचल्यावर कसं पटावं? थडग्याला नबाती शब्द ‘कप्रा’ आणि ग्रीक ‘कोप्रोस’ म्हणजे शेण, यांत घोळ झाला असा एक खुलासा वाचला. मला तो जरा जास्तच सोयीचा वाटतो. भाषेच्या जाणकारांनी कृपया सांगावं.

रविवारी बोलायचंय, तेव्हा शनिवारपर्यंत काही सुचवलंत तर उपकार होतील.