पिंपळपानाच्या शिरांना झिलई चढत नाही: कॅल्सेडोनीच्या कोरीवकामाबद्दल सल्ला हवा आहे

सिंहगडरोडकर

नमस्कार. गेले १४ महिने मी रत्नखडे घासण्याचा आणि कोरण्याचा छंद करीत आहे. नोकरी हिशेबतपासनिसाची असल्यामुळे वेळ मिळतो तो रात्री साडेनऊनंतर किंवा शनिवारी, आणि कार्यशाळा म्हणजे आमच्या सदनिकेची मागची गच्ची. टांगती मोटर, तिला जोडलेला फ्लेक्सिबल शाफ्ट, मुलाचे जुने अभ्यासाचे टेबल आणि थेंब थेंब पाण्यासाठी सलाइनची नळी, एवढाच संसार आहे.

पहिले ११ महिने मी केवळ कॅबोशॉन केले, म्हणजे पैलू न पाडता घुमटासारखे गोल घासलेले खडे. २३ पूर्ण झाले. त्यांपैकी पहिले ७ कोणाला दाखवण्यासारखे नाहीत, पण शेवटच्या ५ खड्यांत खिडकीचे गज मोजता येतील इतके स्वच्छ प्रतिबिंब दिसते. दांडीवर लाखेने खडा बसवणे, २२०, ४००, ६००, १२०० ग्रिट (आकडा जितका मोठा तितका घासणारा कण बारीक) अशा क्रमाने घासणे आणि शेवटी नमद्याच्या चाकावर सेरियम ऑक्साइड वापरणे, ही पद्धत आता हातात बसली आहे.

त्या भरवशावर तीन महिन्यांपूर्वी कोरीवकाम सुरू केले. शिरूरकडे घोड नदीच्या काठी मिळालेल्या निळसर राखाडी कॅल्सेडोनीच्या (अकीकच्या जातीच्या दगडाच्या) एका गोट्यातून ४२ मिलिमीटर लांबीचे पिंपळपान काढले. बाह्याकार आणि पानाचा फुगीर भाग मनासारखा झाला. शिरांमध्ये मात्र पांढुरकी धूसरता राहते आणि ती काही केल्या जात नाही. शिरा १५० ग्रिटच्या डायमंड बरने (हिऱ्याचे कण जडवलेल्या फिरत्या टोकाने) कोरल्या, नंतर ६०० चा वॉटर पेपर घडी घालून जमेल तितका फिरवला आणि मग ३०००, ८००० व १४००० ची डायमंड पेस्ट लहान नमद्याच्या टोकांनी लावली. खडा ओला असताना शिरा अप्रतिम दिसतात. वाळला की पुन्हा पीठ भुरभुरल्यासारख्या. शिवाय पानाच्या एका कडेला दोन-तीन ठिपके असे आहेत, की ज्यांच्याजवळ पृष्ठभाग किंचित खचतो.

पेस्टवर छापलेला आकडा खरा नसावा, अशी मला शंका आहे, कारण ती स्वस्तात मागवली होती. दुसरी कबुली म्हणजे, शिरांचे शेवटचे बारीक काम करताना पाण्यामुळे रेघ दिसेना, म्हणून मी दोन रात्री पाणी बंद करून कोरडेच काम केले. पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे. चूक नेमकी कोठे होत आहे? आणि जाता जाता आणखी एक प्रश्न: कोरीवकाम जमत नसेल, तर पैलू पाडण्याकडे वळणे शहाणपणाचे ठरेल का?

टूलरूमवाला

ताई, झिलईचे नंतर बोलू. कोरडे काम आजपासून बंद करा. कॅल्सेडोनी म्हणजे जवळजवळ संपूर्ण सिलिका, आणि तिची जी धूळ डोळ्यांना दिसतही नाही तीच फुप्फुसात खोलवर जाऊन बसते. गुजरातमधील खंबातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा आजार पिढ्यानपिढ्या आढळत आला आहे आणि त्याने झालेली हानी भरून येत नाही. एन-९५ मुखपट्टी अवश्य लावा, पण ती दुसरी तटबंदी आहे. पहिली तटबंदी पाणीच. रेघ दिसत नसेल तर काम थांबवावे, पाणी टिपून पाहावे आणि पुन्हा पाणी सुरू करावे. गच्चीतला गाळ वाळू देऊ नका. ओल्या फडक्यानेच पुसा आणि तो मोरीत न ओतता बादलीत बसू द्या, नाहीतर नळ तुंबून खालच्या मजल्यावरचे लोक भेटायला येतील. पाणी आणि मोटर शेजारी असल्याने त्या जोडणीवर आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) आहे ना, हेही पाहा.

आता शिरांकडे येऊ. माझी ३१ वर्षे चिंचवड-भोसरी पट्ट्यात साचे घडवण्यात गेली. प्लास्टिकच्या साच्याला आतून आरशासारखी झिलई देणे आणि तुमच्या पानाच्या शिरेला झिलई देणे यांत फारसा फरक नाही, पेस्टसुद्धा तीच. म्हणूनच सांगतो, तुमच्या पेस्टला दोष देण्याआधी त्या आधीच्या टप्प्यांकडे पाहा. १५० ग्रिटचा कण साधारण १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि ३००० च्या पेस्टमधला सुमारे ६ मायक्रॉनचा. चरा कधी भरून येत नाही. त्याच्या भोवतालचा दगड त्या चऱ्याच्या तळापर्यंत झिजवावा लागतो. ६०० च्या कागदाची घडी शिरेच्या काठांवरून फिरली, तळाशी पोहोचलीच नाही. म्हणजे तळावर तुम्ही १५० वरून थेट ३००० वर उडी मारली, आणि मधली सगळी झीज त्या बिचाऱ्या ६ मायक्रॉनच्या कणांनी करावी अशी अपेक्षा ठेवली. त्यांनी चऱ्यांच्या कडा तेवढ्या गोल केल्या. पाण्याने चरे भरले की प्रकाश विखुरत नाही, म्हणून ओला दगड सर्वांचाच चकाकतो. परीक्षा नेहमी कोरड्या दगडावर, दहापट भिंगाखाली आणि तिरप्या प्रकाशात करावी.

खात्री करायची असेल तर शिरेत काळ्या मार्करची शाई भरा आणि स्पिरिट लावलेल्या कापडाने पुसून टाका. जेथे चरे शिल्लक आहेत तेथे शाई अडकून राहील. शाई एकाच दिशेच्या समांतर रेघांत दिसली, तर ते बरचे चरे आहेत; सुट्या ठिपक्यांत दिसली, तर बरने दगड उपटून काढलेले खळगे आहेत आणि त्यासाठी अधिक खाली जावे लागेल.

उपाय कंटाळवाणा आहे. बांबूच्या काड्या घ्या. जुन्या पडद्याच्या किंवा जाड अगरबत्तीच्या काडीचा तुकडाही चालतो. टोक शिरेच्या आकाराचे तासा, शाफ्टच्या पकडीत बसवा आणि २२० ची सिलिकॉन कार्बाइडची पूड पाण्यात कालवून त्या टोकाने संथ वेगाने फिरवा. बांबूच्या तंतूंत कण रुतून बसतात आणि टोक झिजत झिजत आपोआप शिरेचाच आकार घेते. २२० नंतर ४००, मग ६००, मग १२००, आणि त्यानंतरच पेस्ट. दर टप्प्याला मागच्या टप्प्याच्या आडव्या दिशेने हात चालवा, म्हणजे जुना चरा उरला असेल तर तो उठून दिसेल. प्रत्येक ग्रिटच्या काड्या वेगळ्या डबीत ठेवा आणि टप्पा बदलताना दगड, हात, नखे आणि शाफ्टची पकड ब्रशने धुवा. मी एकदा २२० चा एखादा कण १४००० च्या काडीवर नेला होता. त्या एका कणाने चार रात्रींचे काम वाया घालवले. अखेरच्या टप्प्यासाठी नमद्यापेक्षा चामडे चांगले. मी जुन्या कोल्हापुरी चपलेचा पट्टा कापून काडीला चिकटवतो.

मात्र याहून मूलभूत गोष्ट अशी आहे, की छायाचित्रावरून तुमच्या शिरांचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा टोकदार दिसतो. ज्या खोबणीच्या तळाशी कोणतेच टोक पोहोचू शकत नाही, तिला झिलई देता येत नाही, मग पेस्ट कितीही महाग असो. साच्याचा आराखडा करतानाच आम्ही विचारायचो, की येथे पॉलिशवाल्याची काडी जाईल का? तुम्हीही बर लावण्यापूर्वी हाच प्रश्न विचारा. शिरेचा तळ १ मिलिमीटर व्यासाच्या गोल बरने पन्हळीसारखा करून घ्या. शिरा थोड्या रुंद होतील, पण त्या चकाकतील.

पैलूंबद्दल एवढेच सांगतो, की ती पळवाट नव्हे. तेथे हाताच्या कसबाऐवजी कोनांची शिस्त लागते. स्फटिकाचा (क्वार्ट्झचा) अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, सुमारे १.५४, त्यामुळे ज्या कोनापलीकडे प्रकाश आतूनच परततो तो क्रांतिक कोन जवळपास ४०.५ अंश. खालचे मुख्य पैलू त्याहून उथळ पडले तर प्रकाश परत येण्याऐवजी आरपार जातो आणि खडा मधोमध काचेच्या तुकड्यासारखा रिकामा दिसतो. म्हणून ते ४२-४३ अंशांवर ठेवतात. शिवाय कोन मोजणारे आणि सूचकचक्र (खडा ठरावीक अंतरांनी फिरवणारे चाक) असलेले यंत्र लागते. आधी हे पान पूर्ण करा.

डोंगरवाटा

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते, कोरीवकाम करीत नाही. त्यामुळे फक्त त्या खचणाऱ्या ठिपक्यांबद्दल लिहिते.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या आणि नंतर त्यांत झिरपलेल्या पाण्यातून खनिजे साचत गेली. एकाच पोकळीत कॅल्सेडोनी, स्फटिक, कॅल्साइट आणि झिओलाइट गटातील खनिजे शेजारी-शेजारी असणे ही आपल्याकडे नेहमीची गोष्ट आहे. १ ते १० च्या मोह श्रेणीवर कॅल्सेडोनीची कठिणता ६.५ ते ७, कॅल्साइटची ३ आणि स्टिल्बाइट या झिओलाइटची ३.५ ते ४. मऊ नमद्याने घासले की तो मऊ खनिजात शिरून ते आधी झिजवतो आणि ठिपका खचतो. लिंबाच्या रसाने ठिपक्यावर बुडबुडे आले तर ते कॅल्साइट समजावे, मात्र कोरलेल्या पानावर हा प्रयोग करू नये, कारण आम्ल तेथील कॅल्साइट आणखी खाईल. त्याच गोट्याच्या उरलेल्या तुकड्यावर करावा. कॅल्साइट निघाले तर त्या जागी मऊ नमदा वापरूच नये. टूलरूमवाल्यांनी सांगितलेली बांबूची किंवा लाकडाची कठीण टोके तेथेही उपयोगी पडतील, कारण ती खालच्या पातळीत घुसत नाहीत.

कॅल्सेडोनी स्वतःही सर्वत्र सारखी नसते. ती अतिसूक्ष्म स्फटिकतंतूंची बनलेली असते आणि काही पट्टे इतरांपेक्षा सच्छिद्र असतात. बाजारातले भडक निळे व गुलाबी अकीक रंगवता येतात ते याच सच्छिद्रतेमुळे. पानातील एखादा दुधाळ पट्टा अखेरपर्यंत किंचित मंद राहिला, तर तो सर्वस्वी तुमच्या हाताचा दोष मानू नका.

घोड नदीचा उल्लेख वाचून आनंद झाला. त्याच नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन लोकांनी कॅल्सेडोनीपासून काढलेली पाती मोठ्या प्रमाणावर सापडली आहेत. म्हणजे तुमचा कच्चा माल या परिसरात ३००० वर्षांहून अधिक काळ वापरात आहे. एक विनंतीही आहे. वाघोलीच्या खाणींमुळे जगभर माहीत झालेले निळे कॅव्हन्साइट कधी हाती आले, तर त्याला कृपया बर लावू नका. ते ३ ते ४ कठिणतेचे, ठिसूळ आणि दुर्मीळ खनिज आहे. त्याचे सौंदर्य त्याच्या नैसर्गिक पुंजक्यातच आहे.

जुनी_पेठ

आमच्या घरात दागिन्यांत खडे बसवण्याचे काम चालते, म्हणून थोडा वेगळा विचार मांडतो. शिरांना आरशासारखी झिलई हवीच कशाला? सगळे पान सारखे चकाकले तर कोरलेल्या रेघा प्रकाशात हरवतात आणि पाहणाऱ्याला केवळ एक गुळगुळीत गोटा दिसतो. फुगीर भागाला पूर्ण झिलई आणि शिरा मंद, असा भेद ठेवला तर पान दुरूनही वाचता येते. चांदीत आम्ही खोलगट भाग मुद्दाम काळवंडलेला ठेवतो, तो याच कारणासाठी.

टूलरूमवाला

जुनी_पेठ, दृष्टीच्या बाजूने तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु मंद ठेवणे आणि मंद राहणे यांत अंतर आहे. एकसारखी मखमली छटा हवी असेल तरी १५० चे चरे काढून ६०० किंवा १२०० वर समान यावे लागते. ताईंनी तेथपर्यंत जावे आणि मग पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे.

सिंहगडरोडकर

पाच आठवड्यांनी उत्तर देत आहे, क्षमस्व. मधे मार्चअखेर होता.

मार्करची परीक्षा केली आणि वरमले. मधली शीर जवळजवळ संपूर्ण काळी राहिली, तीही समांतर रेघांत. पेस्टवाल्यावर घेतलेला संशय मागे घेते. पानाला हात लावण्यापूर्वी त्याच गोट्याच्या टाकाऊ तुकड्यावर पाच शिरा कोरल्या, तीन टोकदार तळाच्या आणि दोन पन्हळीसारख्या, आणि सर्वांना बांबूच्या काड्यांनी सारखेच टप्पे दिले. पन्हळीच्या दोन्ही शिरा १२०० लाच आशादायक दिसू लागल्या. टोकदार तळाच्या तिन्हींत भिंगाखाली पांढरी रेघ अखेरपर्यंत तशीच राहिली.

त्यानंतर पानाच्या शिरा १ मिलिमीटरच्या बरने रुंद केल्या. दोन बारीक उपशिरा त्यात नाहीशा झाल्या, त्याची हळहळ वाटते. २२० च्या एकाच टप्प्याला चार रात्री लागल्या, तर त्यापुढचे सगळे टप्पे मिळून पाच रात्रींत झाले, हे प्रमाण मला अजिबात अपेक्षित नव्हते. लिंबाच्या रसाने एका ठिपक्यावर बुडबुडे आले, दुसऱ्यावर नाहीत. तो दुसरा काय असावा, हे डोंगरवाटा यांनी छायाचित्र पाहून सांगितले तर बरे होईल. जुनी_पेठ यांचा सल्ला अर्धा मानला आहे: मधली शीर चकाकती ठेवली आणि बाजूच्या शिरा १२०० वरच थांबवल्या. घरात दोन्ही मतांचे लोक आहेत.

देठाजवळ, जेथे तीन शिरा एकत्र येतात, तेथे एक चरा अजून उरला आहे. भिंगाशिवाय तो कोणालाही दिसत नाही, पण मला दिसतो. ४०० पासून पुन्हा सुरुवात करावी लागेल असे दिसते, म्हणून काड्या तासून ठेवल्या आहेत. त्या कोपऱ्यासाठी टोक गोल ठेवावे की छिन्नीसारखे चपटे, एवढे टूलरूमवाल्यांनी शनिवारच्या आत सांगावे.