मेद, मेण की वसा? क्षयाच्या जंतूच्या आवरणाला काय म्हणावं

प्रश्न

क्षयरोगाच्या रुग्णांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करते आहे. 'जंतूभोवतीच्या मेदयुक्त पटलामुळे औषधे आत शिरत नाहीत' असं वाक्य केलं आणि शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग आजाऱ्याचं तूप बंद करायचं का?" मी गप्पच झाले. लिपिडला दुसरा शब्द कोणता? पटल, आवरण, भित्तिका यांतलं नेमकं काय? आणि 'ॲसिड-फास्ट'ला आम्लरोधी म्हणू की आम्लस्थायी?

उत्तर

ताई, काकूंनी विचारलं ते फार बरं झालं. क्षयाच्या माणसाचं वजन आधीच उतरलेलं असतं. आपल्या एका शब्दापायी त्याच्या ताटातलं तूप गेलं तर तो शब्द चुकलाच. 'मेद' म्हटलं की आपल्याला सुटलेलं पोट आठवतं, 'चरबी' तर त्याहून वाईट. परिभाषेत 'वसा' आहे, पण जुन्या वैद्यकात घृत, तैल, वसा, मज्जा असे चार स्नेह सांगितलेत. त्यांतला वसा हा एकच, तोही प्राण्याच्या अंगातला. शिवाय घरात वसा म्हणजे श्रावणातल्या कहाणीतला, घेतला की टाकायचा नसतो तो.

माझं मत: मेण. जंतूच्या अंगावर असतं ते खरंच मेणासारखं आहे. तुपातल्या मेदाम्लांच्या साखळ्या बहुतेक 16-18 कार्बनच्या आत असतात. या जंतूच्या मेणातलं मेदाम्ल म्हणजे मायकोलिक आम्ल, त्यात 60 ते 90 कार्बन. जेवणातल्या तुपाचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे पुस्तिकेत एका ओळीत लिहाच.

'ॲसिड-फास्ट'चं उत्तर मला काचपट्टीवर सापडलं. मी बरीच वर्षं बेडका तपासत आलो आहे. बेडका पसरून वाळवला की वर कार्बोल फुक्सिन ओतायचं आणि पट्टीखालून दिवा फिरवायचा. वाफ निघाली पाहिजे, पण उकळी येता कामा नये. त्या उबेनं मेण सैल होतं आणि लाल रंग आत जातो. मग धुऊन 25 टक्के गंधकाम्ल ओततो. बाकी सगळ्याचा रंग उतरतो, या जंतूचा उतरत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. भिंगाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की आजही हात क्षणभर थांबतो, कारण त्या काड्यांमागे कुणीतरी माणूस बाहेर बाकावर बसलेला असतो.

म्हणजे इथला 'फास्ट' हा लुगड्याचा रंग पक्का म्हणतो, त्यातला पक्का. 'आम्लरोधी'तून वाटतं की जंतू आम्लाला अडवतो. मुद्दा रंगाचा आहे. 'आम्लस्थायी' चालेल, रुग्णासाठी मात्र 'आम्लानेही रंग न सोडणारा' असं सरळ लिहा. जर्मन वैद्य कॉख यांनी हा जंतू 1882 मध्ये दाखवला आणि त्याच वर्षी त्यांच्याच देशातल्या एर्लिख यांनी हा पक्केपणा ओळखला. पुढे झील आणि नीलसन यांनी रीत सुधारली, ती अजून त्यांच्याच नावानं चालते.

आता पटल की भित्तिका. शाळेच्या पुस्तकातलं प्रद्रव्यपटल सगळ्यांत आत. त्याबाहेर पेप्टिडोग्लायकनची (शर्करा आणि प्रथिनांच्या तुकड्यांची) जाळी, तिला अरॅबिनोगॅलॅक्टन या शर्करेचे धागे, त्या धाग्यांच्या टोकांना मायकोलिक आम्लं घट्ट जोडलेली, आणि त्यांच्यात मोकळी मेणं मिसळलेली. हा बाहेरचा थर खरोखर पटल आहे का, यावर पुष्कळ वर्षं वाद होता. 2008 मध्ये गोठवलेल्या जंतूंच्या इलेक्ट्रॉन चित्रांत तो दुपदरी दिसला, जाडी 7-8 नॅनोमीटर. तेव्हा जाळीला भित्तिका, बाहेरच्या थराला बाह्यपटल आणि सगळ्याला मिळून आवरण म्हणा.

प्रश्नकर्ती

मेण पटलं. काकूंना 'मेणकापड' म्हटलं तर लगेच समजलं, नातवाच्या पाळण्यात घालतात ते. पण पुढच्या परिच्छेदात 'औषधाला दाद न देणारा क्षयरोग' आहे. त्याचं कारणही हेच मेणकापड ना?

उत्तर

नाही ताई, आणि ही गल्लत मला सगळ्यांत जास्त खुपते. मेणकापड या जातीच्या प्रत्येक जंतूला जन्मजात असतं, बऱ्या होणाऱ्या रुग्णातल्या जंतूलासुद्धा. 'दाद न देणं' मागाहून येतं, जनुकातल्या बदलानं. रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या मुख्य औषधाच्या बाबतीत तो बदल बहुधा आरपीओबी जनुकात असतो. औषध आत पोहोचतं, पण जिथे चिकटायचं ती जागाच बदललेली असते.

तुमचं 'आत शिरत नाहीत' हेही बदला. मेणकापड औषधांचा वेग कमी करतं. 1990 मध्ये जार्लिए आणि निकाइडो यांनी क्षयजंतूच्याच कुळातल्या मायकोबॅक्टेरियम चेलोनीवर मोजलं, तेव्हा सेफॅलोस्पोरिन गटाची प्रतिजैविकं आतड्यातल्या ई. कोलाय जंतूच्या बाह्यपटलापेक्षा सुमारे हजारपट सावकाश आत जात होती. पाण्यात विरघळणाऱ्या औषधांना पोरिन नावाची बारीक छिद्रं लागतात, ती इथे थोडी. पण आयसोनियाझिडचा रेणू एवढासा, तो आत शिरतो आणि मायकोलिक आम्ल तयार होणंच थांबवतो. इथाम्ब्युटॉल शर्करेचे धागे विणू देत नाही. म्हणजे रोजच्या गोळ्यांतल्या दोन गोळ्या याच आवरणावर चालून जातात. रुग्णाला हे कळू द्या. 'औषध शिरतच नाही' वाचून कुणी गोळ्या सोडायला नकोत.

म्हणून वाक्य असं करून पाहा: 'या जंतूभोवती मेणकापडासारखं आवरण असतं. त्यामुळे पुष्कळ औषधं आत जायला वेळ लागतो, काही पोहोचतच नाहीत. तुम्हाला दिलेली औषधं त्यातून आत जाणारी आहेत.'

आणि 'मायकोबॅक्टेरियम' या जंतूच्या नावातल्या 'मायको'वरून (म्हणजे बुरशी) कुठे 'बुरशीजंतू' झालं असेल तर काढा. द्रव माध्यमावर बुरशीसारखी साय धरतो म्हणून 1896 मध्ये लेमान आणि नॉयमान यांनी ते नाव दिलं, बुरशीशी नातं काही नाही.