अनुभव धागा: वाए रेबो आणि फ्लोरेसचा डोंगराळ पश्चिम भाग

बालीहून छोट्या विमानाने लाबुआन बाजोला उतरायचं, बोटीतून कोमोडोचे ड्रॅगन बघायचे, गुलाबी वाळूत फोटो काढायचे आणि परत. फ्लोरेस बेटावर गेलेल्या ओळखीच्यांपैकी बहुतेकांची सहल एवढ्यातच आटपते. त्या बंदराच्या पाठीशी मांगाराय नावाचा अख्खा डोंगराळ मुलूख पसरलाय, तिथवर फारसं कोणी जात नाही. हा धागा त्या मुलखासाठी.

मध्यभागी ठेवूया वाए रेबो. पूर्व नुसा तेंगारा प्रांतातलं, हजार-अकराशे मीटर उंचीवरचं, गाडीरस्ता नसलेलं गाव. गवताने शाकारलेली सात शंकूसारखी घरं, मधे अंगण, चारही बाजूंनी जंगल. भोवतालचं रुतेंग शहर, चांचार आणि तोदो ही गावं, लियांग बुआ ही गुहा यांबद्दलही लिहा. खर्च, रस्ता, खाणंपिणं, खटकलेलं, सगळं चालेल. फक्त यजमानांची नावं आणि नंबर टाकू नका.

मूळची डोंबिवलीची, सध्या जकार्ता

सुरुवात मी करते. लाबुआन बाजोहून गाडीने पाच-सहा तास. लेंबोरची सपाट भातशेती मागे पडली की रस्ता अरुंद होतो आणि समोरून "ओतो कोल" यायला लागतात. ट्रकच्या हौद्यात लाकडी बाकं, वर छप्पर, आत माणसं, तांदळाची पोती, पाय बांधलेलं डुक्कर, आणि छातीत धडधडेल इतक्या मोठ्याने गाणी. इथली एसटी हीच.

पूर्वी देंगे गावातूनच चालायला लागायचं. आता वाए लोंबा नदीपर्यंत मोटरसायकलवाले सोडतात, तिथून साधारण दोन तासांची चढण. वाट रुंद आहे, चुकायची भीती नाही. पावसात जळवा मात्र भरपूर. गाव दिसायला लागतं तिथे एक छोटी झोपडी आहे आणि तिच्यात बांबूचं ठोकायचं वाद्य टांगलंय. ते वाजवायचं, म्हणजे खाली पाहुणे आल्याचं कळतं. तिथून पुढे कॅमेरा बंद. आधी नियांग गेंदांग या मुख्य घरात जायचं, म्हातारे चटईवर बसलेले असतात, ते पूर्वजांना मांगाराय भाषेत सांगतात की लांबून अमुक लोक आलेत, त्यांना सांभाळा. याला "वाए लुऊ" म्हणतात. दोन-चार मिनिटांचं काम. ते झालं की तुम्ही घरचे, मग फोटो काढा, भटका.

माझ्या वेळी मुक्कामाचे माणशी सव्वातीन लाख रुपिया घेतले, जेवण धरून. आकडा ऐकून दचकू नका, आपले सतराशेच्या आसपास होतात. झोपायला पाहुण्यांच्या घरात गोल भिंतीलगत चटया-गाद्यांची रांग. वीज संध्याकाळी काही तास. थंडी सणसणीत, स्वेटर न्याच.

वास्तुशिल्पी, पुणे

मी फक्त घरासाठी गेलो होतो, त्यामुळे घराबद्दलच लिहितो.

या घराला "म्बारू नियांग" म्हणतात. बाहेरून दिसतं ते सगळं छप्परच, भिंत अशी नाहीच. उंची सुमारे 15 मीटर. खिळा कुठेच नाही, सांधे वेताने आवळून बांधलेले. आत पाच मजले. खाली "लुतूर", तिथे माणसं राहतात. त्यावर "लोबो", रोजचं धान्य-सामान. मग "लेंतार", पुढच्या पेरणीचं बियाणं. त्यावर "लेंपा राए", दुष्काळासाठीचा साठा. आणि टोकाला "हेकांग कोदे", पूर्वजांचा नैवेद्य. वर चढावं तसा काळ लांबत जातो: आज, पुढचा हंगाम, वाईट वर्ष, मेलेली माणसं. चूल घराच्या पोटात. धूर वर चढून गवतात मुरतो आणि छप्पर किडीपासून वाचवतो. डोळे चुरचुरतात, पण चूल बाहेर काढली तर छप्पर लवकर सडेल.

मुख्य घरात आठ कुटुंबं, बाकीच्यांत सहा-सहा. प्रत्येकाची खोली मागच्या अर्धवर्तुळात, समोरचा अर्धा भाग सगळ्यांचा.

2008 साली योरी अंतार हे इंडोनेशियन वास्तुशिल्पी मित्रांसोबत इथे पोचले, तेव्हा सातांपैकी चारच घरं उभी होती. नवीन घर बांधणं गावाच्या आवाक्याबाहेर गेलं होतं आणि घर बांधलेली पिढी थकत चालली होती. पैसे बाहेरून उभे राहिले, पण हात गावाचेच. म्हाताऱ्यांनी सांगायचं, तरुणांनी बांधायचं, वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी टिपून घ्यायचं. सातही घरं पुन्हा उभी राहिली. 2012 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, 2013 मध्ये वास्तुकलेच्या आगा खान पुरस्काराच्या अंतिम यादीत नाव होतं. आपल्याकडे वाड्याचा जीर्णोद्धार म्हणजे आधी सिमेंट येतं. इथे काम करणाऱ्यांनाच बांधणी शिकवली गेली, हे मला पुरस्काराहून मोठं वाटतं.

ठाण्याहून

सगळे इतकं गोड लिहितायत म्हणून थोडं आंबट. मला वाए रेबो अर्धं गाव आणि अर्धं अतिथीगृह वाटलं. शाळकरी मुलं जवळजवळ दिसली नाहीत, कारण शाळा खाली आहे आणि मुलं कोंबो नावाच्या खालच्या वस्तीत राहतात. बायका पहाटेपासून पाहुण्यांचा भात शिजवतायत, दुपारी अंगणात कॉफी वाळवतायत, उरल्या वेळात "सोंगके" नावाचं काळं कापड विणतायत. आम्ही पाय पसरून ढग बघतोय. जोडीला ड्रोनची भुणभुण. हे टिकवलेलं गाव आहे की मांडून ठेवलेलं?

मूळची डोंबिवलीची, सध्या जकार्ता

@ठाणे, बायकांच्या कामाबद्दल शंभर टक्के. पण मुलांबद्दल नाही पटलं. कोंबो ही गावाचीच दुसरी वस्ती आहे, शाळा-रस्ता-दवाखान्यासाठी खाली वसवलेली, आणि माणसं सारखी ये-जा करत असतात. पाहुणे येत नव्हते तेव्हाही मुलं शिकायला खालीच जायची. फरक इतकाच की तेव्हा शिकून परत यायला वर काही कारण नव्हतं. माझ्यासोबत चढलेला वाटाड्या रुतेंगमध्ये शिकून परत आलेला होता.

शेतकरी, शिरोळ तालुका

मुलगा बालीला नोकरीला, त्यानं नेलं. घरं बघितली, चांगली आहेत. पण मी खरा अडकलो चांचारला.

रुतेंगच्या पश्चिमेला अर्ध्या-पाऊण तासावर गोलो चारा नावाची टेकडी आहे. वर चढून खाली बघितलं तर भाताची खाचरं कोळ्याच्या जाळ्यासारखी. मधे एक बिंदू, तिथून चहूकडे बांध सुटलेत. मला आधी वाटलं, हौसेनं केलंय. तसं नाही, ती वाटणी आहे. गावाची सामाईक जमीन म्हणजे "लिंगको". तिच्या मधोमध खुंट रोवायचा, त्या जागेला "लोदोक" म्हणायचं. "तुआ तेनो" नावाचा मानकरी तिथे बोटांनी मापतो: तुला इतकी बोटं, तुला तितकी. तिथून रेघ सरळ बाहेरच्या हद्दीपर्यंत ओढायची. मधे बोटाएवढी असलेली पट्टी कडेला रुंद शेत होते. गावातला मान आणि घरातली माणसं बघून कमी-जास्त मिळतं.

ह्यात मला पटलेली गोष्ट सांगतो. आमच्याकडे भाऊ वेगळे झाले की एकाला विहिरीकडची काळी, दुसऱ्याला माळाची, मग पुढची तीस वर्षं सातबारा आणि कोर्ट. इथं प्रत्येकाची पट्टी मधल्यापासून कडेपर्यंत जाते, त्यामुळे एकट्याच्याच वाट्याला सगळं खडकाळ येत नाही. भांडणं होतच नसतील असं नाही, माणसं आहेत. पण माप सगळ्यांच्या समोर होतं.

वाटाड्यानं त्यांची म्हण सांगितली: "गेंदांग ओने, लिंगको पेआंग". म्हणजे ढोलाचं घर आत, शेत बाहेर. एकाशिवाय दुसरं नाही. गोल घरात शिरून वर छपराच्या वाशांकडे बघा, शेताचीच आखणी दिसेल. टेकडीवर चढायचे थोडे पैसे घेतात, देऊन टाका.

कॉफीच्या व्यवसायात, चिकमगळूर

वाए रेबोची कॉफी छान, पण कौतुक करताना जरा दमानं. ताजी, चुलीवर कढईत भाजलेली, थंडीत हातात आलेली कुठलीही कॉफी छानच लागते. भाजणी फार गडद करतात. बी मात्र चांगलं आहे, वरच्या भागात अरेबिका, खाली रोबस्टा. उदमांजराच्या विष्ठेतली कॉफी विकणारे लाबुआन बाजोत भेटतील. वाए रेबोचे लोक उदमांजराला पूर्वजांच्या कथेमुळे मानतात, त्याचं मांस खात नाहीत.

कॉफीची दुसरी बाजूही माहीत असावी. पूर्व मांगारायमधल्या चोलोल भागात सरकारने राखीव जंगल म्हणून शेतकऱ्यांची कॉफीची झाडं तोडली. काही जणांना अटक झाली, त्यांना सोडवायला लोक रुतेंगला गेले आणि 10 मार्च 2004 रोजी पोलिसांनी गोळीबार केला. सहा शेतकरी गेले. बुधवार होता. तिकडे अजूनही "रक्ताळलेला बुधवार" म्हणूनच बोलतात. चोलोलची कॉफी आज महाग पाकिटातून विकली जाते, पाकिटावर यातलं काही नसतं.

पुरातत्त्व शिकलेला, नाशिक

रुतेंगच्या उत्तरेला तासाभरावर लियांग बुआ. गुहा म्हणण्यापेक्षा डोंगरातली कमान म्हणा, आत एखादं मंगल कार्यालय मावेल आणि उजेडही तितकाच. 1950 च्या सुमारास फादर थिओडोर वेरहोवेन हे डच मिशनरी इथे शाळा भरवत, पुढे त्यांनीच खणायला सुरुवात केली. 2003 मध्ये इंडोनेशियन आणि ऑस्ट्रेलियन चमूला जवळपास सहा मीटर खोलीवर एका प्रौढ बाईचा सांगाडा मिळाला. उंची जेमतेम एक मीटर सहा सेंटिमीटर, मेंदू आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढा. हीच ती होमो फ्लोरेसिएन्सिस, माणसाची वेगळी, बुटकी प्रजाती. आधी वय 18,000 वर्षं सांगितलं होतं, 2016 च्या फेरतपासणीत हाडं 60,000 ते 1,00,000 वर्षांपूर्वीची ठरली. सोबत बुटक्या हत्तींची हाडं आणि माणसापेक्षा उंच करकोचा. म्हणजे इथे माणूस आणि हत्ती लहान झाले, पक्षी मोठा झाला.

आता खड्डे बुजवलेले असतात, त्यामुळे "बघण्यासारखं काय" असं काहींना वाटेल. बाजूच्या छोट्या संग्रहालयात प्रतिकृती आहे, आधी ती बघा आणि मग गुहेत या.

मडगावहून

ह्या बेटाचं नावच पोर्तुगीज, त्यामुळे आम्हा गोंयकारांचा थोडा हक्क. मांगाराय सोडून बेटाच्या पूर्व टोकाला लारांतुकापर्यंत गेलो, रस्त्याने दोन दिवस. तिथे पवित्र आठवड्याला अजूनही "सेमाना सांता" म्हणतात. गुड फ्रायडेला आधी समुद्रातून होड्यांची मिरवणूक आणि रात्री तुआन मा, म्हणजे मरियेची मूर्ती, घेऊन मेणबत्त्यांची. कोन्फ्रारिया या चर्चच्या मंडळाचे पुरुष जुन्या पोर्तुगीजमध्ये प्रार्थना म्हणतात, अर्थ सगळ्यांना लागतो असं नाही. माझी आजी अशाच ठेक्यात म्हणायची.

समोरच्या सोलोर बेटावर डोमिनिकन पाद्र्यांनी 1566 मध्ये किल्ला बांधला, तेव्हा पूर्वेकडच्या पोर्तुगीज राज्याची राजधानी गोवा. चंदनाचा व्यापार, त्यामागे धर्म. 1613 मध्ये किल्ला डचांनी घेतला आणि 1859 च्या लिस्बन कराराने लारांतुकासकट सगळंच डचांकडे गेलं. पाद्री गेले तरी लोकांनी मिरवणूक सोडली नाही. पश्चिमेकडचे मांगाराय लोक मात्र बरेच उशिरा, डच काळात कॅथलिक झाले. म्हणूनच बहुधा तिकडे रविवारी मिस्सा आणि एरवी कोंबडा कापून पूर्वजांशी बोलणं, दोन्ही बिनबोभाट चालतं.

निवृत्त शिक्षिका, सातारा

शाकाहारींसाठी. उपाशी राहत नाही. भात, भोपळ्याचा पाला, कसाव्याचा पाला, तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी), अंडी चालत असतील तर अंडी. आधी सांगा, मग वेगळं शिजवतात. सांबाल ठेचून समोर येतो, आपल्या ठेच्याला भाऊ शोभेल. त्यात सुकी कोळंबी आहे का ते विचारा. रुतेंगच्या बाजारात "कोंपियांग" नावाचे तीळ लावलेले छोटे पाव मिळतात, साधे घेतले तर प्रवासात उत्तम. पान-सुपारी जिथे तिथे पुढे करतात. नाही म्हणायचं असेल तर सुपारीला हात लावून नमस्कार करावा, कोणी रागावलं नाही.

कोल्हापूर, तालमीतला

"चाची" बघा. हो, उच्चार तसाच. दोन गडी, एकाच्या हातात चाबूक, दुसऱ्याकडे म्हशीच्या कातड्याची ढाल. एक फटका, मग पाळी बदलते. डोक्याला शिंगांचा टोप, कमरेला सोंगके, उघडी पाठ. बायका ढोल आणि घंटा वाजवतात. तोंडावर फटका बसला तर हरलास. वळ उठले तरी गडी गाणं म्हणत नाचत परत येतो, आणि खरी दाद तिथे मिळते. लाबुआन बाजोजवळ मेलो गावात पाहुण्यांसाठी खेळून दाखवतात, ते ठीकठाक. सणाला गावागावांत होतं त्याची गोष्ट वेगळी, तिथे दुसऱ्या गावचे गडी बोलावलेले असतात.

भूगर्भशास्त्रज्ञ, नागपूर

वाए रेबोच्या वाटेवरच्या सातार मेसे भागातच उलुंबूचं भूऔष्णिक वीजकेंद्र आहे, 10 मेगावॅटचं. 2017 मध्ये सरकारने फ्लोरेसला "भूऔष्णिक बेट" जाहीर केलं. आता विस्तार शेजारच्या पोचो लेओकमध्ये करायचाय आणि तिथली बरीच गावं विरोधात उभी आहेत. मी व्यवसायाने या विजेच्या बाजूचा. तरी वर शिरोळच्या काकांनी लिंगकोबद्दल लिहिलंय ते वाचून बघा: जमिनीखालच्या वाफेसाठी विहीर खणायला एक तुकडा घेतला की तो कुणाएकट्याचा नसतो. नुकसानभरपाई कुणाला द्यायची, इथूनच घोडं अडतं.

ठाण्याहून

आंबट लिहिलं तरी परत जायचंय. नोव्हेंबरमध्ये "पेंती" असते ना? पावसाचं काय?

मूळची डोंबिवलीची, सध्या जकार्ता

हो, सुगीनंतरचे आभार आणि मांगारायचं नवीन वर्ष. आधी झऱ्यावर, मग लोदोकवर, मग अंगणातल्या "चोंपांग" या दगडी चौथऱ्यावर पूजा आणि रात्रभर गाणी. पाऊस त्याच सुमारास सुरू होतो, तेव्हा गुडघ्यापर्यंत मोजे आणि जळवांसाठी मीठ. कोरड्यात जायचं असेल तर मे ते सप्टेंबर. पेंतीला गावकरीच परत आलेले असतात, जागा कमी, त्यामुळे आधी विचारल्याशिवाय चढू नका. आणि ड्रोन खालीच ठेवा.